वाहने अनेक, धनी एक : कौटुंबिक वाहनविम्याचा धर्मविचार

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांना वाहनविम्यात तीन नव्या सोयी देण्याची मुभा दिली. त्यांपैकी दोन सोयी वाहन किती चालते आणि कसे चालवले जाते यांवर हप्ता ठरवणाऱ्या होत्या, तर तिसरी एकाहून अधिक खासगी मोटारी व दुचाकी एकाच पॉलिसीखाली आणणारी होती, जिला व्यवहारात ‘फ्लोटर’ म्हणतात. फ्लोटर म्हणजे संरक्षणाची अशी सामायिक रक्कम, जी कोणत्याही एका वस्तूला कायमची बांधलेली नसून गटातील ज्या वस्तूला गरज पडेल तिच्याकडे वळते. आरोग्यविम्यात नवरा, बायको आणि मुले यांची एकत्र पॉलिसी काढणाऱ्यांना ही पद्धत परिचयाची आहे. वाहनांच्या बाबतीत मात्र अट अशी की सगळी वाहने एकाच व्यक्तीच्या मालकीची असली पाहिजेत. आरोग्याच्या फ्लोटरमध्ये कुटुंब हे एकक आहे आणि वाहनांच्या फ्लोटरमध्ये मालक हे एकक आहे. हा फरक वरवर हिशेबाच्या सोयीचा वाटतो, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न धर्मशास्त्राने आणि इस्लामी विधिशास्त्राने, म्हणजे फिकहने, शतकानुशतके हाताळलेला आहे: घर कोणत्या बाबतीत एक असते आणि कोणत्या बाबतीत ते एक मानता येत नाही?

लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातील मध्यम स्थितीच्या एखाद्या एकत्र कुटुंबाच्या अंगणातील वाहनांची आरसी बुके एका ठिकाणी मांडली, तर ही अट किती अवघड आहे ते लगेच ध्यानात येते. एमएच २४ किंवा एमएच २६ ने सुरू होणारे क्रमांक एका दारात उभे असतात, पण नावे निरनिराळी असतात: चारचाकी ज्याच्या पगारावर बँकेने कर्ज दिले त्या थोरल्या मुलाच्या नावावर, जुनी मोटारसायकल वडिलांच्या नावावर, लग्नात आलेली गाडी धाकट्याच्या नावावर आणि स्कूटी शाळेत नोकरी करणाऱ्या सुनेच्या नावावर. चाव्या एकाच खुंटीला लटकतात आणि ज्याला घाई असेल तो हाताला येईल ती चावी उचलतो. विमा एजंटही अशा घराला एकच पार्टी समजतो आणि चारही पॉलिसींच्या मुदती आपल्या डायरीत एका पानावर लिहून ठेवतो. कंपनीच्या दप्तरात मात्र हे चार परके ग्राहक आहेत.

विचार पुढे नेण्याआधी वाहनविम्याची घडण समजून घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला जो विमा सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा, म्हणजे त्या वाहनामुळे ज्या परक्या माणसाची हानी होईल त्याच्यासाठीचा. मालकाच्या स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून देणारा भाग ऐच्छिक आहे, आणि दोन्ही भाग एकत्र असले की लोक त्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. २०२२ ची मुभा या ऐच्छिक भागापुरतीच आहे. वाहने एकत्र येतात ती आपल्या पत्र्याची आणि काचेची काळजी घेण्यासाठी. परक्याच्या हाडामांसाची जबाबदारी ज्याच्या त्याच्या नावावर वेगळी राहते. ही मांडणी तांत्रिक कारणांनी झाली असेल, परंतु नैतिकदृष्ट्या ती उफराटी आहे, आणि ती तशी का आहे हे दाखवणे हाच पुढील विवेचनाचा हेतू आहे.

फ्लोटरचे अर्थशास्त्र एका साध्या गृहीतकावर उभे असते: संकटे एकेक करून येतात. एक माणूस एका वेळी एकच गाडी चालवतो, उरलेल्या दारात उभ्या असतात, म्हणून सगळ्यांसाठी मिळून राखलेली रक्कम प्रत्येकीसाठी स्वतंत्रपणे राखलेल्या रकमांच्या बेरजेहून कमी असली तरी भागते. मराठवाड्याच्या स्मृतीत या गृहीतकाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा आहे. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारी व सास्तूरच्या परिसरात, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे काही सेकंदांत खाली आली आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. तिथे घर हे एकच एकक होते; कोणाच्या नावावर काय आहे हे भूकंपाने पाहिले नाही. नांदेडला गोदावरीचे पाणी सखल वस्त्यांत शिरते तेव्हाही अंगणातली सगळी वाहने एकाच पातळीपर्यंत बुडतात. वाहनाच्या स्वनुकसान विम्यात भूकंप आणि पूर दोन्ही येतात, आणि नेमक्या अशाच वेळी सामायिक रक्कम तुटपुंजी ठरण्याचा संभव असतो. पीक विम्यामुळे इथल्या शेतकऱ्याला असा सामुदायिक धोका चांगला ठाऊक आहे, कारण त्यात महसूल मंडळ हेच मुख्यतः एकक धरले जाते आणि एकट्याचे शेत वाळले तरी मंडळाचे सरासरी उत्पन्न बरे असेल तर त्याच्या हाती काही लागत नाही.

घराच्या एकत्वाचा भारतात सर्वाधिक प्रमाण मानला गेलेला सिद्धान्त याच भूभागाच्या उंबऱ्यावर लिहिला गेला, हे इथल्या वाचकालाही पुष्कळदा ठाऊक नसते. लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलाला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मानेच स्वत्व प्राप्त होते, म्हणून वाटणी होईपर्यंत कोणाही एकाला अमुक माझे असे म्हणता येत नाही, हा तिचा मुख्य सिद्धान्त आहे. वाटणीच्या वेळी काय वाटायचे नाही याचाही तिने काटेकोर विचार केला आहे. मनुस्मृतीत अविभाज्य वस्तूंची जी यादी येते तिच्यात वस्त्रे, अलंकार, शिजवलेले अन्न, पाणी यांच्यासोबत मिताक्षरेने केलेल्या अर्थानुसार वाहनही आहे. वाहन म्हणजे घोडा किंवा पालखी, आणि ते ज्याने वापरले त्याचेच राहते. घोड्यांच्या विक्रीवर पोट असणाऱ्या घरात घोडे पुष्कळ असतील, तर मात्र ते वाटले पाहिजेत. त्याच यादीत स्त्रियाही आहेत, म्हणजे घरातल्या दासी, हे आजच्या वाचकाने नजरेआड करू नये, कारण जी परंपरा वाहनाला चालवणाऱ्याचे मानते तीच माणसाला वस्तूंच्या रांगेत बसवते.

यादीत आणखी एक पद आहे: योगक्षेम. जे नाही ते मिळवणे हा योग आणि जे मिळाले त्याचे रक्षण करणे हा क्षेम, असा त्याचा सर्वमान्य अर्थ आहे, आणि विज्ञानेश्वराने लौगाक्षी या स्मृतिकाराच्या आधाराने यज्ञकर्मे व तळी-विहिरींसारखी लोकोपयोगी कामे अशी त्याची फोड करून ती अविभाज्य ठरवली आहेत. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी वडिलांनी बांधलेल्या विहिरीचे तुकडे करता येत नाहीत, इतका हा व्यवहारी विचार आहे. त्यातून जी रचना निघते ती लक्षणीय आहे: वाहन व्यक्तीचे, आणि रक्षणाची सोय सर्वांची. फ्लोटरची अट ही रचना उलटी करते, कारण रक्षण सामायिक हवे असेल तर आधी वाहनांची मालकी एका हातात आणा, असे ती सांगते. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातील योगक्षेमाच्या श्लोकातून घेतले, पण त्या श्लोकात भार वाहणारा परमेश्वर आहे आणि विम्यात तो भार हप्ता भरणाऱ्यांचा समूह वाहतो.

विमा उतरवणे हा श्रद्धेतला उणेपणा आहे काय, हा प्रश्न यातूनच उद्भवतो, आणि त्याचे एक कठोर उत्तरही कल्याणातूनच आले आहे. विज्ञानेश्वरानंतर काही दशकांनी, बिज्जलाच्या राज्यात, त्याच नगरात बसवण्णा आणि शरणांची चळवळ उभी राहिली, जिचा वारसा लातूर-नांदेडच्या लिंगायत समाजात आजही जिवंत आहे. शरण-परंपरेत आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा आहे: रोजच्या गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणलेल्या पतीला लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले. या दृष्टीने पाहिले तर उद्याची तरतूद हाच अविश्वास ठरतो. तरीही या कथेचा रोख साठवणीवर आहे, आणि सक्तीचा वाहनविमा ही साठवण नव्हे. तो दुसऱ्याच्या इजेची आगाऊ भरपाई आहे, आणि कायक व दासोह, म्हणजे कष्ट आणि समाजाला अर्पण, यांच्या चौकटीत त्याला जागा शोधता येते. सामान्य माणसाने हा वाद कधीच मिटवलेला आहे. दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून, चाकांखाली लिंबे ठेवून घरातली बाई हळदकुंकवाचे एकच ताट सगळ्या वाहनांपुढून फिरवते, नारळ बहुधा एकच फुटतो आणि आरसी कोणाच्या नावावर आहे हे त्या वेळी कोणी विचारत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली पॉलिसी आणि पीयूसी तशीच असते. पूजेमुळे ती अनावश्यक ठरली असे कोणाला वाटत नाही आणि पॉलिसीमुळे पूजा थांबत नाही.

श्रद्धेपेक्षा अवघड प्रश्न अपराधाचा आहे. कर्माचा सिद्धान्त व्यक्तीपुरता आहे. एकाने केले आणि दुसऱ्याने भोगले हे त्यात बसत नाही. व्यवहाराच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या, अध्यायांत मात्र शास्त्रकारांनी सामायिक जबाबदारीला बरीच मोकळी जागा दिली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाने होणाऱ्या इजेचा तपशीलवार विचार आहे. वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे, बाजूला व्हा असे ओरडूनही समोरचा न हटणे, अशा प्रसंगी दंड नाही. सारथ्याच्या अकुशलतेमुळे गाडी वाट सोडून गेली आणि कोणाला इजा झाली तर दंड मालकाला. सारथी कुशल असेल तर दंड त्याला स्वतःला. आणि सारथी अकुशल असूनही माणसे गाडीत बसली असतील, तर बसलेल्या प्रत्येकाला शंभर पणांचा दंड. हा शेवटचा नियम थबकायला लावणारा आहे. अडाण्याच्या हाती कासरा दिसत असताना गाडीत चढणे हीच संमती, आणि संमती देणारा प्रत्येक जण अपराधाचा भागीदार, असा त्याचा अर्थ होतो.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले कलम १९९ अ याच जातीचे आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून सकाळी सहाच्या सुमारास धावणाऱ्या दुचाकी पाहिल्या म्हणजे हा नियम किती घरांच्या दारात उभा आहे याची कल्पना येते. सोळाव्या वर्षी मिळू शकणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरताच असतो, आणि बाजारातल्या नेहमीच्या स्कूटी त्याच्या दुप्पट क्षमतेच्या असतात. अशा अपघातात न्यायाधिकरण विमा कंपनीला जखमीची भरपाई आधी द्यायला आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. रस्त्यावरच्या माणसाचे नुकसान भरून निघते आणि बोजा शेवटी घरावर येतो. मनूने गाडीत बसलेल्यांना धरले, कायद्याने घरी चावी देणाऱ्याला धरले. पकड घट्ट करण्याचा हेतू दोहोंत एकच आहे.

तरीही सगळेच सामायिक करता येत नाही, आणि ही मर्यादा कुठे आखायची याबाबत परस्परांपासून फार दूर असलेल्या परंपरांचे एकमत आश्चर्यकारक आहे. धर्मशास्त्रात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य होते (२००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार अधिनियमातून निव्वळ या आधारावरची वसुली बंद केली), पण याज्ञवल्क्याने त्यातून दारूसाठी, कामासाठी आणि जुगारासाठी केलेले ऋण, तसेच भरायचा राहिलेला दंड वगळला. चुकीतून किंवा गरजेतून निर्माण झालेला बोजा घराचा, स्वैराचाराचा बोजा ज्याचा त्याचा. इस्लामी विधिशास्त्रात अनवधानाने झालेल्या मनुष्यवधाची भरपाई, म्हणजे दियत, मारणाऱ्या एकट्याने न देता त्याच्या ‘आकिला’ने द्यायची असते, आकिला म्हणजे ही जबाबदारी मिळून उचलणारे नातेवाईक. जाणूनबुजून केलेल्या हत्येत आकिला बांधील नसते. हनफी पंथाने, ज्याचे अनुयायी नांदेडच्या मुसलमानांत मोठ्या संख्येने आहेत, पुढे आणखी एक पाऊल टाकले: खलिफा उमर यांनी सैनिकांच्या वेतनाची नोंदवही, म्हणजे दिवाण, सुरू केल्यावर एकाच दिवाणात नाव असलेल्यांना परस्परांचे आकिला मानले गेले. रक्ताच्या नात्याची जागा नोंदीने घेतली, आणि तिथे विम्याच्या कल्पनेपासून फार अंतर उरले नाही.

असे असूनही व्यावसायिक विम्याला फिकहचा आक्षेप आहेच. हप्ता नक्की आणि परतावा अनिश्चित, या अनिश्चिततेला ‘घरर’ म्हणतात. त्यात जुगाराचा अंश आणि गुंतवणुकीतून व्याज येते, म्हणून जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये व्यावसायिक विमा निषिद्ध ठरवून सहकारी तत्त्वावरील परस्पर विम्याला मान्यता दिली. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा मात्र अपरिहार्यतेच्या तत्त्वाखाली बहुतेक मुफ्ती चालवून घेतात. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते: आक्षेपाची धार स्वतःच्या गाडीसाठी घेतलेल्या ऐच्छिक विम्यावर अधिक आणि परक्यासाठी घेतलेल्या सक्तीच्या विम्यावर कमी पडते. पॉलिसीतही दारूच्या नशेत चालकाने केलेले स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून मिळत नाही, आणि न्यायालयाने केलेला दंड कोणतीही कंपनी भरत नाही. याज्ञवल्क्य, हनफी विधिज्ञ आणि आजचा विमा करार लिहिणारा अधिकारी तिघेही रेघ एकाच जागी ओढतात.

या रेघेच्या प्रकाशात फ्लोटरकडे पुन्हा पाहिले पाहिजे. ज्या गोष्टीत घराने एक असावे असे सगळ्या परंपरा सांगतात, ती म्हणजे अनवधानाने परक्याला झालेली इजा. ज्या गोष्टीत त्यांनी वेगळेपण चालवून घेतले, ती म्हणजे कोणी कोणत्या घोड्यावर बसावे. एकाच मालकाची ऐच्छिक पॉलिसी घराला दुसऱ्या बाबतीत एकत्र आणते आणि पहिल्या बाबतीत सुटे ठेवते, आणि तेही घरातल्या एकालाच धनी करून. सवलतीच्या लोभाने सुनेची स्कूटी पुढच्या नूतनीकरणाआधी सासऱ्याच्या नावावर करण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर वाचणारे पैसे थोडे असतील आणि जाणारी गोष्ट मोठी असेल. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित संपत्तीची वाटेकरी, केले, तरी सून त्या कुटुंबात सहदायाद नसतेच. पुष्कळ घरांत तिच्या नावावर असलेली एकमेव चालती वस्तू ही स्कूटीच असते. तिच्या स्वनुकसान विम्यावर काही वर्षांत साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी २० पासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सूट, हाही गाडीला न चिकटता विमाधारक व्यक्तीला चिकटतो. नाव बदलले की सासऱ्याला तो मिळत नाही. विम्याच्या नियमांत पुण्यासारखी वागणारी ही एकमेव गोष्ट असावी: ती कमावणाऱ्याबरोबर जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर जाते, विकत मिळत नाही, आणि मृत्यूनंतर गाडी जोडीदार, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेली तर त्यांना लाभते.

अनेक वाहनांना खरोखर एकत्र बांधणारी एक तरतूद मात्र आधीपासूनच अस्तित्वात आहे, आणि तिचा पाया अधिक भक्कम आहे. मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाख रुपयांचा असतो, आणि २०१९ पासून तो स्वतंत्रपणे घेता येतो. एकाच्या नावावर कितीही वाहने असली तरी असे एकच संरक्षण पुरते. वाहने चार असली तरी देह एक आहे आणि तो एकदाच पडतो, इतके हे सरळ आहे. मालकी इथे निमित्तमात्र आहे, मोजला जातो तो जीव.

मालक गेल्यावर काय होते, यात कुटुंबाच्या आणि पॉलिसीच्या अशा दोन्ही एकत्वांची परीक्षा होते. एकत्र कुटुंबातील कर्ता गेला तर पुढचा कर्ता उभा राहतो आणि कुटुंब मोडत नाही. वाहनविम्यात एकमेव विमाधारकाचा मृत्यू झाल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, चालू राहते. दरम्यान वारसांनी आरसी आणि पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तेरावा होतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांची प्रतिज्ञापत्रे तयार होतात, आणि परिवहन कार्यालयात नावे चढवताना चारचाकी एका मुलाकडे, मोटारसायकल दुसऱ्याकडे, स्कूटी विधवेकडे जाते, म्हणजे ज्याने जे वापरले ते त्याचे, अगदी विज्ञानेश्वराने सांगितल्याप्रमाणे. त्याच क्षणी सर्व वाहने एकाच मालकाची असण्याची अट मोडते, आणि घराला सामायिक आधाराची सर्वाधिक गरज असताना तीन वारसांना तीन वेगळे हप्ते आणि तीन वेगळ्या तारखा मिळतात.